पत्रूने स्टिअरिंग का ओढले

मी, गुणवंतराव तुकाराम बारसागडे, वय ६६, वन खात्याचा सेवानिवृत्त वाहनचालक, राहणार धानोरा, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. हृदय बिघडले आहे, डोके ठीक आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

घाईचे कारण असे. बारा वर्षांपासून माझे ठोके मनाला येईल तसे पडतात. गोळ्या झाल्या, एकदा नळी घालूनही झाले. शेवटी नागपूरला दोन टप्प्यांचा इलाज ठरला. आधी सर्जनने छातीच्या हाडाखाली छेद घेऊन हृदय बाहेरून डागायचे. मग दीड महिन्याने दुसऱ्या डॉक्टरने जांघेच्या नसेतून नळी नेऊन राहिलेल्या जागा आतून डागायच्या. पहिला टप्पा दसऱ्याआधी झाला. दुसरा येत्या सोमवारी आहे.

१. राहते घर पत्नी आशाबाईचे. तिच्या हयातीत मुलगा प्रणित याने ते विकायचे नाव काढू नये.

२. माझी पान्यांची पेटी व जॅक गॅरेजवाले इब्राहीम शेख यांना द्यावे. २०१५ साली माझी ठोकलेली जीप त्यांनीच ओढून आणली आणि म्हणाले, "भाऊ, रोडवर बिरेकचे निशान नाईत." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललो नाही. ते खरे बोलले होते.

३. नाल्याकाठचे एक एकर धानाचे वावर बुधरी पत्रू हलामी हिला. (खोडले. कारण कलम ५ मध्ये. खोडलेल्या जागी माझी सही आहे.)

४. हे कलम वाटणीचे नाही. मे २०१५ मध्ये वणवा विझवून आम्ही दुपारी परतत होतो. वनमजूर पत्रू हलामी माझ्या डावीकडे बसला होता. छातीत फडफड सुरू झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तो म्हणाला, "भाऊ, समोर पाहा ना." मला काही दिसत नव्हते. समोरून तेंदूपत्त्याचे भारे घेऊन बाया येत होत्या. पत्रूने स्टिअरिंग ओढले. बाया वाचल्या. जीप त्याच्या बाजूने मोहाच्या झाडावर आदळली आणि तो जागीच गेला.

चौकशीत मी लिहून दिले की मी ब्रेक मारतच होतो, पत्रू घाबरला आणि त्याने उगाच स्टिअरिंग ओढले. आजार सांगितला असता तर गाडी हातातून गेली असती. गावाने मानले की पत्रू आपल्याच भीतीने मेला.

त्यानंतर फडफड सुरू झाली की डावीकडून त्याचे ते वाक्य ऐकू येई. आजारातला भास आहे, असे मी धरून चाललो. पहिल्या टप्प्यानंतर तिसऱ्या दिवशी ठोके सरळ झाले. नर्सने मशीनवरची रेघ मला दाखवली. मी पेज पीत होतो. डावीकडे पत्रू नेहमीच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, समोर पाहा ना." तो आजारातला नव्हता.

मी वाचलो तर हे कलम पत्रूच्या गावच्या ग्रामसभेत स्वतः वाचीन. न वाचलो तर प्रणितने वाचावे, एकही शब्द गाळू नये.

५. आज बुधरीला बोलावून हे सर्व वाचून दाखवले. तिने विचारले,

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"माह्या पोरीले शाळेत भित्र्याची पोरगी म्हनत. तवा बी मालूम होतं?"

"हो."

मी वावराचे सांगितले. तिने ते ऐकलेच नाही. म्हणाली, "याच्यावर साक्षीदार मी राहतो."

वकील रंजीताबाईंनी समजावले, "ज्याला मिळतं, त्याची साक्ष ठेवू नये. पुढं वाद होतो."

"तं वावर खोडा," बुधरी म्हणाली. "अंगठा कुठी लावू?"

ते वावर आता प्रणितकडे जाईल. ते कोणी नाकारले, हे त्याने आपल्या मुलांना सांगावे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

गुणवंतराव तुकाराम बारसागडे (सही)

साक्षीदार
१. ॲड. रंजीता मेश्राम (सही)
२. बुधरी, पत्रू हलामीची बायको (डाव्या हाताचा अंगठा)

धानोरा, दि. १५ नोव्हेंबर २०२४