कट म्हणायचं राहून गेलं

५ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा काय म्हणतो? अजूनही तुझ्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडतो का?

तुमच्या बँडच्या अर्धवट राहिलेल्या सिनेमाचं रीळ आमच्या लॅबमध्ये साफ करायला आलंय. माईकपाशी काय तोऱ्यात उभी आहेस! शेवटच्या शॉटनं मात्र माझी झोप उडवलीय. आपला धाकटा ड्रमच्या काठ्या घेऊन स्टुडिओच्या बोळातून पाठमोरा चालत जातो. सोमवारी पाहिलं तेव्हा तो बोळातच असताना रीळ संपलं. आज त्याच रिळात तो रस्त्यावर पोचला होता. रीळ तेवढंच आहे, मी मोजून पाहिलं. त्या दिवशी नक्की काय झालं होतं?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा चष्मू

९ जून
चि. चष्मूस,
अ. उ. आ.

निर्मात्यानं शॉट चालू असतानाच गाशा गुंडाळायला लावला. दिग्दर्शक भांडायला धावला, आम्ही सगळे त्याच्यामागे. कट म्हणायचं राहूनच गेलं. कट ऐकेपर्यंत थांबायचं नाही, असं धाकट्याला बजावलं होतं, आणि तो सांगितलं तसं करणारा. परत आलाच नाही. पळून गेला म्हणत सगळ्यांनी हात झटकले. आई वाट बघत गेली.

दिग्दर्शकही आता नाही. तूच कट म्हण. घरच्याचं ऐकेल तो. मला तो परत हवाय रे, बाकी काही नको.

जिवाला जप, माया आहेच.
तुझी ताई

१२ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणालो. तो थांबला, वळला, आणि थेट माझ्याकडे बघून त्याचे ओठ हलले, "ओके, की परत घ्यायचा?" मी ओके म्हटलं. तो हसून चौकटीबाहेर गेला. आता रिळात नुसता रस्ता आहे. दार उघडं ठेव.

तुझा चष्मू

१५ जून
चि. चष्मूस,
अ. उ. आ.

आज दुपारी आला. तेच कपडे, तेच वय, मिसरूडही तेवढीच. मला रडू आवरेना. पोटभर जेवला. मीच ताई म्हटल्यावर मात्र हसला. म्हणाला, "आजी, चेष्टा पुरे. ताई येईपर्यंत मी बाहेर थांबतो."

तेव्हापासून पायरीवर बसलाय. रस्त्यानं एखादी तरुण मुलगी गेली की उठून उभा राहतो. तुझीही चौकशी केली, चष्मू कॉलेजातून आला का म्हणून.

मी म्हटलं, येईल इतक्यात.

तुझी ताई