सायकलचे कोच आणि माझा उत्तम आलेख

१० नोव्हेंबर २०१३, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त सायकलिंगची. रडगाणं लिहायचं नाही.
पार्श्वभूमी: फेब्रुवारीत आयटी कंपन्यांची शर्यत आहे. कात्रज चौकातून जुन्या बोगद्यापर्यंत, सगळा चढ. ऑफिसातल्या बॉससमोर, म्हणजे डिलिव्हरी हेडसमोर, माझ्या तोंडून निघून गेलं की पहिल्या दहात आलो नाही तर नाव अभय लावणार नाही. तो हसला. त्यामुळे आता माघार नाही.
सायकल आली आहे. कार्बनची, एका बोटावर उचलता येते. उत्कर्षा म्हणाली, सायकलीचं वजन कमी केलंत, आता वर बसणाऱ्याचं बघा. बायकोला स्पोर्ट्स कळत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
कोच ठरले. वैजनाथ सर. अनेक वर्षं राष्ट्रीय शर्यती खेळलेले. पदकं भरपूर, गाल अजिबात नाहीत. बोलतात मोजकं.
ऑफिसात सगळे म्हणतात, हौशी माणसाला प्रोफेशनल कोच कशाला? ती माणसं आयुष्यभर मॅनेजरच राहणार. (मीही मॅनेजर आहे, पण तात्पुरता.)
सरांची पद्धत: पहिला दीड महिना रस्त्यावर जायचं नाही. गॅलरीत स्टँडला मागचं चाक अडकवून जागच्या जागी पॅडल मारायचं. छातीला पट्टा बांधायचा. पट्टा हृदयाचे ठोके पकडतो, घड्याळात आलेख उमटतो, तो सरांना मेल करायचा. सर आलेख बघून पुढचा व्यायाम सांगणार. म्हणाले, मला तुमचे पाय दिसले नाहीत तरी चालतील, आलेख खरा पाहिजे.
एकदम डेटा-ड्रिव्हन माणूस. आपलं जमणार.

१९ नोव्हेंबर
पहिला व्यायाम. सुरुवात झकास. मग डोळ्यांपुढे काजवे. मग क्लायंटचा कॉल आठवला, म्हणून थांबलो. कॉल नव्हता. आलेख पाठवला.

२० नोव्हेंबर
मीटिंगमध्ये असताना सरांचा फोन. आवाज वेगळाच. म्हणाले, सायकलला हात लावू नका, हृदयाच्या डॉक्टरकडे जा, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. उद्या नाही, आज. रिपोर्ट दाखवल्याशिवाय पुढचा व्यायाम देणार नाही.
विचार केला. निष्कर्ष: ही प्रोफेशनल लोकांची मानसिक युक्ती आहे. घाबरवतात आणि कोण टिकतं ते बघतात.
शिवाय या आठवड्यात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. शिवाय पट्टा सैल होता. सैल पट्टा काहीही दाखवणार.

२४ नोव्हेंबर, रविवार
पट्ट्याची चाचणी घेतली. उत्कर्षाला दिवाळीच्या फराळाचं वजन उतरवायचंच होतं. तिला पट्टा बांधून सायकलवर बसवलं. समोर टीव्ही. अख्खी मालिका संपेपर्यंत बाई पॅडल मारत होती आणि वर खलनायिकेला नावंही ठेवत होती.
आलेख सुंदर. सावकाश चढलेला, थांबल्याबरोबर शहाण्यासारखा खाली आलेला.
म्हणजे पट्टा ठीक आहे. म्हणजे माझा सैलच होता. म्हणजे नीट बांधला असता तर माझाही आलेख साधारण असाच आला असता. म्हणून हाच पाठवला.
यात फसवणूक नाही. घर एक, डाळ एक, तेल एक, पाणी एक. आमच्या भाषेत याला रिप्रेझेंटेटिव्ह सॅम्पल म्हणतात.

२५ नोव्हेंबर
सरांनी विचारलं, आधीच्या वेळी पट्ट्याचा घोटाळा होता का? म्हटलं, होता.  मग म्हणाले, तरी ईसीजी करून घ्याच, पण आलेखावरून हार्ट उत्तम आहे. रिकव्हरी तर रेसरसारखी.
हार्ट उत्तम! पंचेचाळीस वर्षांत माझ्या एखाद्या अवयवाला पहिल्यांदाच कुणी उत्तम म्हणालं. ईसीजीचं आता काय करायचं? राष्ट्रीय पातळीच्या माणसाने बघितलंय.
उत्कर्षाला सांगितलं. तिने लगेच शिरा केला.

८ डिसेंबर, रविवार
रुटीन बसलं आहे. सकाळी मी थोडं, संध्याकाळी मी ऑफिसात असताना मालिकेच्या वेळी उत्कर्षा पूर्ण. माझ्या वाट्याचं गांभीर्य, तिच्या वाट्याचा वेळ. तिला वाटतं पट्टा कॅलरी मोजायला आहे. समजावत बसलो नाही.
आज पाय गुळगुळीत केले. सगळे रेसर करतात. आईने पाहिलं आणि विचारलं, कसलं ऑपरेशन आहे रे? सांगितलं, हवेचा विरोध कमी होतो. ती म्हणाली, ऑपरेशनच्या आधीच असे केस काढतात. आणि उठून आत गेली. संध्याकाळी तिने बुद्धवंदना नेहमीपेक्षा लांबवली. कारण माहीत नाही.

२२ डिसेंबर, रविवार
सरांनी व्यायाम वाढवला. म्हणाले, तुमची प्रगती बघून आश्चर्य वाटतं. उत्कर्षाची तक्रार: मालिका संपते, व्यायाम संपत नाही. तिचे जुने ड्रेस तिला पुन्हा बसायला लागले.
माझा डावा हात दुखतो. हँडलची उंची चुकली असणार. सरांना कळवायला हवं. नको, व्यायाम कमी करतील.

५ जानेवारी २०१४, रविवार
रस्त्यावरचा पहिला दिवस. स्वारगेटहून कात्रजकडे. थंडी एवढी की बसस्टॉपवर लोक मफलरात, आणि मी घामाने निथळतोय. बॉडी वॉर्म-अप लवकर होते, हे फिटनेसचं लक्षण. डेअरीपाशी थांबून ताक घेतलं. पुढे गेलो नाही. पहिल्या दिवशी अति करू नये.
जबडा ठणकतो. दाढ.

९ जानेवारी
डेंटिस्टकडे गेलो. दाढ ठणठणीत आहे म्हणतो. मग मला विचारायला लागला, चढताना दुखतं का, थांबल्यावर राहतं का? म्हटलं, हो. तर म्हणाला, माझ्याकडे नका येऊ, हार्टवाल्याकडे जा. नवीन डॉक्टर दिसतोय, दातांवर मन नाही. त्याला सांगितलं की माझं हार्ट आधीच प्रोफेशनलने तपासलंय. त्याने प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर ‘ईसीजी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. कागद गाडीच्या डॅशबोर्डवर आहे. सुरक्षित आहे.

१४ जानेवारी
तिळगूळ घेतानाच उत्कर्षाने विषय काढला. म्हणाली, मामंजी गेले तेव्हा सत्तेचाळीसचे होते ना? हो. सरकारी कचेरीच्या जिन्यात बसले आणि उठले नाहीत. तिला म्हटलं, ती पिढी वेगळी, व्यायाम नव्हता. ती म्हणाली, मामंजी रोज सायकलने कचेरीत जायचे, आईच सांगतात. जाताना आणि येताना.
हे मी विसरलो होतो.
पण त्यांना कोच नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार
सरांनी शर्यतीचा प्लॅन पाठवला. त्यांच्या मते माझं हार्ट दम खाणाऱ्यांतलं नाही. चढाला राखून जायचं नाही, पहिल्या वळणापासून पूर्ण जोर लावायचा. मधे छातीत जड वाटलं तर ते मनाचे खेळ समजायचे, कारण आलेखात तशी काही शंका नाही.
वाचून बरं वाटलं. अलीकडे अधूनमधून जड वाटतं. म्हणजे मनाचे खेळ आहेत.

१९ फेब्रुवारी
लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा टेकलो. शर्यतीसाठी पाय राखून ठेवतोय. शेजारच्या आजी पुढे निघून गेल्या. त्यांना कुठे शर्यत आहे?

२२ फेब्रुवारी
उद्या. ॲसिडिटी आहे, टेन्शनची.
उत्कर्षा म्हणाली, नका जाऊ, तुमचा रंग मला बरा दिसत नाही. तिला सरांचे सगळे मेल वाचून दाखवले. उत्तम, रेसरसारखी रिकव्हरी, आश्चर्यकारक प्रगती. ती ऐकत बसली. मग म्हणाली, मला त्यातलं कळत नाही, पण एवढा मोठा माणूस लिहून देतोय म्हणून जाऊ देते. आणि माझी जर्सी इस्त्रीला घेतली.
तेव्हा सांगावंसं वाटलं. पण जर्सीची इस्त्री अर्धी झाली होती.

२७ फेब्रुवारी
हॉस्पिटल. रोजनिशी आईकडून मागवून घेतली. लिहायला परवानगी आहे, थोडंच.
पहिल्या वळणापासून पूर्ण जोर लावला. दुसऱ्या वळणावर कुणी भरलेला सिलिंडर छातीवर ठेवावा तसं झालं. मनाचे खेळ समजून आणखी चार पॅडल मारली. मग रस्ता आडवा झाला.
सर मोटरसायकलवर मागेच होते. ॲम्ब्युलन्स बोलावली, उत्कर्षाला खालच्या चौकातून घेऊन आले. ॲम्ब्युलन्समधली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने हृदयाचा काही त्रास आहे का विचारलं, तर सरांनीच फोन पुढे केला. म्हणाले, हार्टचं काही असणं शक्य नाही, तीन महिन्यांचे आलेख माझ्याकडे आहेत, पाणी कमी पडलं असेल. एवढा प्रामाणिक माणूस. माझ्यासाठी भांडत होता. मुलगी म्हणाली, बरं, आधी सलाइन लावू, ईसीजीचं मशीन नंतर.
मी शुद्धीत होतो. सगळं ऐकू येत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. डिलिव्हरी हेड बाजूला उभा होता, म्हणून म्हटलं, तो जाऊ दे, मग बोलतो. तो जाईना.
उत्कर्षाने सरांच्या हातून फोन घेतला. एक आलेख बघितला, दुसरा बघितला. मग म्हणाली, हे सगळे व्यायाम मालिकेच्या वेळेचे आहेत, त्या वेळी हे हिंजवडीला ऑफिसात असतात. हे यांचे नाहीत, माझे आहेत. आत्ताच्या आत्ता मशीन लावा.
 मग मशीन लावलं. मग ॲम्ब्युलन्स फार जोरात निघाली.

२ मार्च, रविवार
डॉक्टर म्हणतात, वाचलात. पण स्नायूचा एक भाग गेला तो गेलाच. नोव्हेंबरमध्ये आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं, असंही म्हणाले. घाट बंद. सपाटीवर चालायचं, तेही हळू.
सर भेटायला आले. आणखी बारीक वाटले. एकच विचारलं, तो पहिला आलेख कुणाचा होता? म्हटलं, माझा. मान हलवली. म्हणाले, तेवढ्यावर मी बरोबर सांगितलं होतं. मग बाहेर उत्कर्षापाशी जाऊन हात जोडून उभे राहिले. तिने त्यांना बसायला खुर्ची दिली.
पलीकडच्या कॉटवरचे बँकेतले गृहस्थ विचारत होते, त्यांच्या जावयाला सायकलचा नाद आहे, कोच लावून हौशी माणसाला काही फायदा होतो का? म्हटलं, होतो. मला पहिल्याच आठवड्यात झाला होता. त्यांना वाटलं मी जाहिरात करतोय. त्यांनी नंबर मागितला.

४ मार्च
उत्कर्षा फारसं बोलत नाही. वेळेवर पाणी देते, गोळी देते, उशी सरळ करते. मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, गोळी गिळा आधी.
दुपारी डोळा लागला होता. जाग आली, डोळे किलकिले केले, तेव्हा माझ्या मनगटावर तिची बोटं होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती ओठांतल्या ओठांत ठोके मोजत होती. डोक्यावर मॉनिटर चालूच होता, त्यावर आकडा ढळढळीत दिसतो. तिने तिकडे पाहिलंही नाही. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजायची.
मी डोळे पूर्ण उघडले नाहीत. तिची मोजणी चुकली असती.