आप्पांच्या गाडीचं छत आणि माझी बाकीची मिळकत

सूरज, मेल्या, या मृत्युपत्राच्या दोन प्रती केल्या आहेत. एक तुझी, आणि दुसरी तू ती कुठे ठेवलीस हे विसरशील तेव्हासाठी. दुसरी प्रत तुझ्या बहिणीकडे, रुपालीकडे, राहील. म्हणजे ती मागायला तरी तुला तिच्याशी तोंड उघडावं लागेल.

मी, श्रीमती भागूबाई जानू पिलणकर, वय सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी मासेविक्री, हल्ली मुलांची समजूत काढणे, राहणार मांडवी, रत्नागिरी, हे सर्व राजीखुशीने आणि शुद्धीवर असताना सांगत आहे. मला अक्षर येत नाही. सूरजची मुलगी योगिनी लिहिते आहे. मी "मेल्या" म्हटलं की तिने "मेल्या"च लिहायचं, "प्रिय मुला" लिहायचं नाही, अशी ताकीद आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर ईशा यांनी द्यायचा होता. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "शुक्रवार. येत्या मंगळवारी तुम्ही मला हृदयाच्या ऑपरेशनला कोल्हापूरला पाठवणार होतात. मी जाणार नाही म्हणाले, तेव्हापासून तुमचं तोंड असं आहे." दाखला लगेच मिळाला.

का जाणार नाही ते पुढे येईल. आधी किरकोळ गोष्टी उरकते.

कलम १. पावसची आंब्याची कलमं दोघांना निम्मी निम्मी. बांधावरच्या झाडाचे आंबे माकडांना. नाहीतरी ती कोणाला विचारून खात नाहीत.

कलम २. बँकेतली शिल्लक योगिनीच्या शिक्षणाला. लिहिणारी तीच, म्हणून एवढं कलम डॉक्टरांच्या हातून लिहवून घेतलं आहे, उगाच कोणी डोळे वटारू नयेत.

कलम ३. मासे कापायची विळी रुपालीला. धार लावायला कुठे नेऊ नये, ती बोलत असताना समोर धरली तरी पुरे. आप्पांची जाळं विणायची सुई सूरजला, पण जाळ्याशिवाय दुसरं काही शिवायचं नाही. माझी जाऊ हौसा हिने योगिनीच्या बारशाला मोठं पातेलं नेलं ते अजून आणते आहे. तिला मी त्याचं झाकणही देत आहे.

कलम ४. गाडी.

आप्पा म्हणजे माझे यजमान. होडीतला हिस्सा विकून त्यांनी ही पांढरी मोटार घेतली आणि होडीसारखीच समुद्राकडे तोंड करून लावत राहिले. मी म्हणायची, "अहो, ती काय भरतीला सुटून जायची आहे?" ते नुसते हसायचे. ते गेले, गाडी तिथेच राहिली. खारा वारा आणि ऊन खाऊन छताच्या कापडामागचा स्पंज पिठासारखा झाला आणि कापडाला पोट सुटलं.

माघी गणपतीला हेदवीला जाताना ते सगळंच खाली आलं. सूरज चालवत होता, मागे मी आणि रुपाली. हेदवी येईपर्यंत मी दोन्ही हातांनी छत तोलून धरलं. देवळात हात जोडायला गेले तर ते खाली येईनात. दहा हातांच्या देवासमोर मी दोन हात वर करून उभी, पोलिसांनी पकडल्यासारखी.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. रुपालीने टाचण्या लावल्या. त्या खड्डा आला की एकेक करून आमच्या मानेवर. सूरजने टाचण्या उपटल्या आणि तंगुसाने, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याने, गाठी मारमारून कापड शिवलं. आत बसलं की सुरमईला काय वाटत असेल ते कळायचं. तेही उसवलं. तेव्हा या मेल्या शहाण्याने एका दुपारी कोणाला न सांगता, ज्या मोठ्या पाटाला ते कापड चिकटवलेलं असतं तो अख्खा पाट एकट्याने पुढच्या दारातून ओढला. पाटाला मधोमध तडा गेला.

रुपाली आली. म्हणाली, "आप्पांची गाडी मोडलीस!"

"तुझ्या टाचण्यांनी आधीच चाळण झाली होती तिची."

"आणि तू काय रे, आत जाळं लावून बोंबील धरणार होतास?"

"तू तुझ्या घरी जा."

बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं. हे नाही. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. शिमग्याला पालखी आली तेव्हा एक पुढच्या दाराशी, दुसरी मागच्या. नाचवणाऱ्यांना कळेना देवाचं तोंड कुठे करावं.

गाड्यांच्या सीटा शिवणारा शिवा म्हणतो, "आजी, मला द्या, संध्याकाळपर्यंत नवं करून देतो." त्याला मनाई आहे. त्याने अंगणात खुर्चीवर बसून फक्त सांगायचं. तोच म्हणतो की तो पाट मागच्या दाराने, दोघांनी दोन टोकं धरून काढायचा असतो. तर येत्या रविवारी एक टोक सूरजने धरावं, दुसरं रुपालीने. जुना स्पंज खरवडून काढावा. तड्याला आतून पट्टी लावावी. नवं कापड एकाने ताणून धरावं आणि दुसऱ्याने गोंदावर दाबत जावं. न बोलता हे काम होत नाही, मी शिवाला दोनदा विचारून घेतलं आहे. "धर", "सोड", "अगो, माझा हात" एवढं बोललात तरी चालेल. पाऊस लागला की गोंद सुकत नाही. आणि डॉक्टर म्हणतात, माझंही फार थांबण्यासारखं नाही.

छत वर गेलं तर मंगळवारी मी याच गाडीतून कोल्हापूरला जाईन, दोघांना घेऊन. नाही गेलं तर मी इथेच बरी. योगिनी इथे "विनंती" लिहायला बघत होती. सूरज, मेल्या, ही धमकी आहे.

डॉक्टरांना बोलले नाही ते इथे सांगते. मला मरणाचं काही नाही, पण त्या ऑपरेशनची भीती वाटते. बाहेर तुम्ही दोघं एकाच बाकड्यावर बसला आहात एवढं ठाऊक असलं, तर मी आत जाईन.

कलम ५. घर दोघांचं, सारखं. मध्ये भिंत घालायची नाही. "तुझ्या घरी जा" असं या उंबऱ्याच्या आत कोणी कोणाला म्हणायचं नाही. मी असताना नाही, नसतानाही नाही.

वरील सर्व मला वाचून दाखवलं. योगिनीने गाळलेले तीन "मेल्या" परत घालून घेतले, मग अंगठा केला.

भागूबाई जानू पिलणकर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. डॉ. ईशा मयेकर (सही)
२. शिवा भाटकर, सीट कव्हरचे दुकान (सही. गाडीला हात लावल्यास साक्ष रद्द.)

मांडवी, रत्नागिरी
दिनांक ९ मे २०२५

ता. क. तुम्ही दोघं आपापल्या घरून मला वेगवेगळे डबे पाठवता. काल दोन्हीकडून कालवणच आलं, भात कोणीच नाही, कारण विचारणार कोण कोणाला! उद्या एकच डबा पाठवा. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि बांगड्याचं तिखलं. बांगडे सूरजने बंदरावरून आणायचे, रांधायचे रुपालीने, आणि मीठ कोणी घालायचं ते आधी फोनवर ठरवा.