घुमणारी विहीर आणि माझं अर्धं वाक्य

पारोळा, मंगळवार

तीर्थस्वरूप कौतिकनानांना तोतारामचा वाकून नमस्कार.

शिरपुरात आपला गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते कळवावे. इकडे आपल्या भगिनी प्रमिलाबाई मजेत आहेत (माझ्यामुळे त्यांना हल्ली हसायला फार मिळतं). माझी तब्येत ठीक, अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

टीव्हीवरचा तो विहिरीचा कार्यक्रम आपण पाहिलाच असेल. नाही म्हणालात तरी मला पटणार नाही, कारण त्या दिवसापासून आपला फोन नाही. खरं काय घडलं ते ऐका. इथून चार कोसांवरच्या एका वाडीत विहीर आहे. पावसाळ्यानंतर ती घुमते. मी भूजल खात्यात एकतीस वर्षं काढली. पाणी वर चढलं की खडकाच्या भेगांतली हवा बाहेर पडते आणि बाटलीत फुंकर मारल्यासारखा आवाज होतो, एवढीच गोष्ट. तेच सांगायला टीव्हीवाल्यांनी मला गाडीत घालून नेलं. पण तो दिग्दर्शक मला पहिल्यापासूनच खटकला. मला विहिरीपर्यंत सात वेळा चालवलं, चष्मा काढायला लावला, आणि कठड्यामागे अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे डास! (भर दुपारी.)

तीन तास मी भेगा समजावल्या. शेवटी वैतागून म्हणालो, "इथे काहीतरी आहे असं ज्याला वाटतं, त्याने पुन्हा शाळेत जावं." नाना, दाखवलं किती? "इथे काहीतरी आहे." तेही तीनदा, विजेच्या कडकडाटात! खाली पट्टी : रहस्यसंशोधक तोताराम. मागे कोल्हेकुई. असलं कोल्हं आपल्या खान्देशात मी तरी ऐकलेलं नाही.

हसून सोडून दिलं असतं. पण आठवड्याने कळलं की वाडीतल्या बायांनी त्या विहिरीचं पाणी भरणं सोडलंय. डोक्यावर हंडे घेऊन दीड किलोमीटर चालतात, आणि तेही माझ्या भरवशावर! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी पहिल्या गाडीने वाडीत गेलो, चूक झाली म्हणून हात जोडले, हवा आणि भेगा पुन्हा समजावल्या. मग लिलाबाई नावाच्या म्हातारीने कळशी ओढली आणि माझ्यापुढे तांब्या धरला.

"आबा, टीव्हीवर तुम्हीच सांगं ना, आठे काहीतरी शे? मंग पहिले तुम्हीच पी दखाडा."

प्यायलो. एक नाही, तीन तांबे. (तिसऱ्याच्या वेळी मलाच पाण्याचा वास तपासावासा वाटला, हे आपल्यात राहू द्या.) एवढ्यानेही त्यांचं समाधान नाही. मला पारावर बसवून ठेवलं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई माझे डोळे बघून जायची. दिवस मावळायला आला तरी मी धडधाकट आहे हे पाहून लिलाबाईंनी पहिला हंडा भरला. मागोमाग बाकीच्यांनी रांग लावली. नाना, एवढा मान मला खात्यानेही कधी दिला नाही.

आपला,
तोताराम

ता. क. : त्याच दिग्दर्शकाचा काल फोन आला. आता एका गढीतल्या भुयारावर भाग करताहेत. मी अट घातली, वाक्य पूर्ण दाखवायचं. तो इतक्या पटकन हो म्हणाला की मला संशय येतोय. तरी आपलं ते कॉफी रंगाचं जाकीट शुक्रवारच्या आत एसटीने पाठवावं.

ता. क. २ : त्या गढीत भुयार नाही, मला पक्कं ठाऊक आहे. पण ते त्यांना चित्रीकरण झाल्यावरच सांगावं म्हणतो.