आठवडाभर न ओरडण्याचं संगीत

४ जानेवारी, रविवार
सप्टेंबरनंतर आज लिहितोय. क्षमस्व. माझ्याशिवाय ही वही कुणी वाचत नाही, म्हणजे माफी मीच मागायची आणि मीच द्यायची. दिली.

घटना: गुरुवारी सिद्धीचा गणिताचा ऑनलाइन क्लास चालू असताना मी मागून सांगितलं की उत्तर चुकलंय. तिचा माइक चालू होता. तिच्या मते मी ओरडलो. तेवीस मुलांनी ऐकलं. (उत्तर बरोबर होतं. पण एक पायरी खाल्ली होती.) दहावीची परीक्षा दीड महिन्यावर आलेली, आणि कन्यारत्न आईला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, चामराजपेटला आजीकडे निघून गेलं. निरोप: बाबा आठवडाभर ओरडला नाही तर रविवारी परत येईन. साक्षीदार, स्वयंपाकाच्या अक्का. म्हणजे माझी अब्रू आता भाजीत मीठ विसरणाऱ्या बाईच्या हाती.

प्रामाणिकपणे विचार केला. मी ओरडतो का? नाही. माझा आवाज स्पष्ट आहे.

५ जानेवारी
ऑफिसातल्या शंतनूने उपाय सुचवला. वय एकोणतीस, पुण्याचा, दर महिन्याला नवं खूळ. सध्याचं खूळ: ताणानंतर मज्जासंस्था शांत करणारं अँबियंट म्युझिक. म्हणाला, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लावा सर, बाहेरचं काही ऐकूच येत नाही. त्याचेच लावून ऐकलं. चाल नाही, ताल नाही, शब्द नाहीत. कुणीतरी हार्मोनियमची एक पट्टी दाबून जेवायला गेलाय. याला संगीत म्हणणाऱ्यांची कीव येते.

तरीही संध्याकाळी हेडफोन घेतले. निश्चय: जागेपणी काढायचे नाहीत.

६ जानेवारी, सकाळी ९.४०
इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फ्लायओव्हरवर एकाने गाडी आडवी घातली. काच खाली करून त्याला दोन वाक्यं समजावली. हेडफोनमुळे माझा आवाज मलाच आला नाही. जे ऐकूच आलं नाही, त्याला ओरडणं म्हणता येईल का? पुढचे तीन सिग्नल यावर विचार केला. नाही म्हणता येणार.

७ जानेवारी
अ‍ॅपच्या फुकट आवृत्तीत दर वीस मिनिटांनी जाहिरात. लाटा, लाटा, लाटा आणि एकदम कुकरची शिट्टी. कुकरला जे बोललो ते धरायचं नाही. तो माणूस नाही. अक्का कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. डोकं दुखत असावं.

यशश्रीचा फोन. हेडफोनचं सांगितलं. म्हणाली, बरं झालं, ऐकत नाहीस ते आता निदान दिसेल तरी. बायकोशी वाद घातला नाही. प्रगती.

९ जानेवारी
अपूर्व शांती. अक्कांना अत्यंत मृदू स्वरात सांगितलं की सांबार छान झालंय. त्यांच्या हातून डाव पडला. ओठ हलले, कन्नडमध्ये 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, म्हणाल्या असाव्यात. कौतुकाची सवय नाही बिचारीला.

समोरचे गुरुप्रसाद दार उघडून काय झालं विचारायला आले. त्यांना हे संगीत समजावून सांगितलं. ते दोन पावलं मागे सरकले. जन्मभर विमानाच्या इंजिनांवर काम केलेला माणूस. शांतता याला काय कळणार.

उपदेश नको म्हणून मी दार लावून घेतलं. हळूच लावलं. भिंतीवरचा फोटो मात्र पडला.

११ जानेवारी, रविवार, दुपार
दोघी आल्या, बॅगांसकट. अक्कांनी मला सांभाळून घेतलं होतं म्हणे. फोनवर सांगितलं होतं की 'सार', म्हणजे मी, ओरडत नाहीत, त्यांना ऐकू कमी येतंय बहुतेक.

मी दार उघडलं आणि आठवडाभर घोकलेलं वाक्य म्हटलं: सिद्धी, तुझी खोली तशीच ठेवलीय. सिद्धी जिन्याच्या भिंतीला टेकली. तिच्या हातातली बॅग खाली पडली. यशश्रीने पुढे येऊन माझे हेडफोन काढले. जिन्यात अजून घुमत होतं. तो आवाज माझा होता.

सिद्धीने बूटही काढले नव्हते. म्हणाली, बाबा, तू ओरडत नव्हतास, कळलं मला. पण मी आधी दचकते, मग कळतं. परीक्षेपर्यंत आजीकडेच बरी.

यावर माझ्याकडे मुद्दा होता. मांडला नाही.

तिने बॅग उचलली. यशश्री म्हणाली, जेवून घे. गेल्या.

उद्या: सिद्धीचं अभ्यासाचं टेबल चामराजपेटला पोचवायला टेम्पो सांगणे.