ओली गादी

१२ नोव्हेंबर
पुन्हा तेच! अंधार केला, कडी दोनदा तपासली, तरी गुंजनचा हात लागला आणि शरीर संपावर गेलं. नवरा म्हणे! ती उठून बसली. "जाऊ दे ना, चाय पिऊ." लग्नाला दीड वर्ष झालं, एक टोमणा नाही. त्याचाच जास्त राग येतो. तिचा नाही, माझा.

१५ नोव्हेंबर
मूल होत नाही म्हणून आई गुंजनला कुरुदच्या बैगाकडे, तिथल्या मांत्रिकाकडे, घेऊन गेली. गंडा बांधून आणला — तिच्या दंडाला! अडचण माझी, गंडा तिला. आणि मी? बघत राहिलो. प्लांटमध्येही तेच. शिफ्टआधी सगळ्यांसमोर सुरक्षेची शपथ वाचायची पाळी आली की मी संडासात जाऊन बसतो.
बास झालं.

१९ नोव्हेंबर
रायपूर. डॉक्टरीणबाईंनी लहानपणाचं विचारलं. सांगून टाकलं. नऊ वर्षांचा होतो, रात्री अंथरूण ओलं व्हायचं. एका सकाळी बाबांनी ओली गादी डोक्यावर देऊन क्वार्टरबाहेर उभं केलं. अख्खी गल्ली हसली. शाळेत नाव पडलं — गादीवाला. तेव्हापासून कुणी बघतंय म्हटलं की मी गोठतो. अंथरुणावर तर हमखास.
बाई म्हणाल्या, "शरीर बिघडलेलं नाही, घाबरलेलं आहे." आणि महिनाभर संबंधाला सक्त मनाई! नुसतं जवळ बसायचं, हात धरायचा. बाहेर आल्यावर गुंजनला हसू आवरेना. मलाही.

२४ नोव्हेंबर
मोनालीच्या बाळाचं बारसं, चरोद्याला. बहिणीचं घर पाहुण्यांनी गच्च. पंचफुला आत्याने गुंजनला गाठलंच — "तुयी खबर कधी वं? गंडा बांधला ना?" गुंजनने मान खाली घातली. तेवढ्यात बाळाने झबलं ओलं केलं आणि बाबांची ठेवणीतली गोष्ट सुरू! "मामावर गेला! ह्याले तं मी ओली गादी डोक्यावर देऊन..." सगळे हसायला तयारच.
मी उठलो. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. पण बोललो. "बाबा, ते गोष्ट आजपासून बंद. मी मरून राहिलो होतो लाजेनं, अन् तुमी हसून राहिले होते. अन् आत्या, गुंजनमध्ये काई कमी नाही. इलाज माहा चालू आहे. माहा!"
बाबा उठून अंगणात गेले. आई रडायला लागली — "चारचौघात कावून बोलला?" चारचौघातच उभं केलं होतं ना मला!
गुंजनने तिथेच, आत्याच्या देखत, दातांनी गंडा तोडला. काय बाई आहे!

२६ नोव्हेंबर
बाबा बोलत नाहीत. नका बोलू. मला मात्र कडकडून भूक लागते आहे.

३ डिसेंबर
महिना व्हायला अजून वेळ आहे. बाईंची मनाई आम्ही मोडली.
दिवा चालू होता!