सोफ्याचे दुसरे टोक

मी, सोफा-खुर्च्या भरून देणाऱ्या दुकानाची मालकीण, वय एकाहत्तर, डोळे शाबूत, डोके त्याहून शाबूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. कोणाचे दडपण नव्हते असे लिहायची पद्धत आहे. माझ्यावर होते. मी जुमानले नाही.

१. घर. खाली दुकान, वर खोल्या. पतीने आणि मी मिळून उभे केलेले. सोफा पोचवायला गेलेले माझे पती टेम्पो उलटून गेले. घर माणसांनी भरलेले असताना माझे धाकटे दीर, म्हणजे भावजी, दुकानाची रुंदी पावलांनी मोजत होते. म्हणाले, "वहिनी, हा पसारा आता तुम्हाला झेपायचा नाही." तो मला आजवर झेपला. भावजींना यातला खिळासुद्धा मिळू नये. मी गेल्यावर वरच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, आधी बाहेर काढणार, हे त्यांनी तिच्या तोंडावर सांगितले आहे. या बाईंना दुसरीकडे जागा नाही.

२. हत्यारे समोरच्या सुताराला द्यावीत. कात्री देऊ नये. मागे नेली तेव्हा त्याने कापडाच्या कात्रीने पत्रा कापला होता.

३. माझी श्रद्धा. ही कोणाच्या नावे करता येत नाही असे वकील म्हणतात, तरी कलम राहू द्यावे. सोफा भरून झाला की आम्ही तो बसून पाहत असू, एका टोकाला ते, एका टोकाला मी. एकट्याने बसून स्प्रिंगा कळत नाहीत. बसले की ते म्हणायचे, "देवा, आजचं पोचलं." ते गेले त्या संध्याकाळी मी तेच म्हटले, सर्वांसमक्ष. त्यावर माझ्या थोरल्या नणंदेने, वन्संनी, भरल्या घरात तोंड सोडले, "माझा भाऊ गेला, आणि ही देवाला पोचपावती देतेय." पुढे गल्लीभर झाले. मी दगड, मी ढोंगी, मला नवरा नकोच होता. याची क्षमा मी केलेली नाही, मेल्यावरही करायचा विचार नाही. मला राग आला नव्हता असे कोणी समजू नये. देवाला मी त्या आठवड्यात जे बोलले ते या कागदावर शोभणार नाही. पण माणूस चांगला दिला होता. नेला म्हणून दिलाच नव्हता, असे मी का म्हणावे?

४. वन्सं. यांनी त्या दिवसापासून देवाशी बोलणे टाकले. माझ्याशी टाकले असते तर बरे झाले असते. रोज संध्याकाळी खाली येतात. "काय गं, तुझ्या देवानं आज काय दिवे लावले?" उभ्याने भांडून पाय दुखतात, म्हणून तयार सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसतात, आणि भांडता भांडता मध्येच म्हणतात, "इकडची स्प्रिंग टोचतेय." दर वेळी ती टोचत असते. हा त्यांचा आणखी एक अपराध. पतीनंतर एकही सोफा बसून पाहिल्याशिवाय माझ्या दुकानाबाहेर गेला नाही, ते यांच्यामुळे.

सबब घर, दुकान आणि बँकेत असेल ते सर्व वन्संच्या नावे करीत आहे. देवाचे नाव घ्या म्हणून त्यांच्यामागे कोणी लागू नये. दाराजवळचा हिरवा सोफा मात्र विकू नये. त्यांनी संध्याकाळी आपल्या टोकाला बसावे आणि माझ्या टोकाशी हवे तेवढे भांडावे. मी रोज "आजचं पोचलं" म्हणत आले, त्यात वन्सं धरलेल्या होत्या. हे माझ्या हयातीत त्यांना कळता कामा नये.

(सही) दुकानाची मालकीण

साक्षीदार १: (सही) धाकटे दीर. मजकूर झाकलेला होता, तरी सही उत्साहाने केली. उद्या हे मृत्युपत्र खोटे म्हणायला त्यांना तोंड राहू नये, म्हणून मुद्दाम बोलावले.

साक्षीदार २: (सही) कोपऱ्यावरचा चष्मेवाला. झाकलेले वाचायचा प्रयत्न केला.

ठिकाण: दुकान, हिरव्या सोफ्याचे माझे टोक.
दिनांक: नऊ एप्रिल, संध्याकाळ.

साक्षीदार गेले. वन्सं जिना उतरत आहेत. पाकीट बंद करते आणि जरा सरकून बसते.